चोपन्न नाबाद

मला कशाचीच वाट बघता येत नाही. एसटी येईपर्यंत मी स्टँडला चार चकरा मारतो, चहाला उकळी फुटायच्या आत तो गाळायला लावतो, आणि समोरच्या माणसाचं वाक्य संपायच्या आत त्याला उत्तर देऊन मोकळा होतो. बायको म्हणते, "तुमचं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ती हेच म्हणते, म्हणजे त्यात तथ्य असणार. त्यामुळे मोबाइलवरच्या क्रिकेटमध्ये माझ्या प्रत्येक फटक्यानंतर लाल अक्षरांत 'अर्ली' असं उमटायचं, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

हा खेळ माझ्या फोनमध्ये टाकला मुलीनं. ती चंद्रपूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती आणि होस्टेलवर राहायची. मी जिवतीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. लस टोचणं, जखमा बांधणं, अडलेल्या गाईला सोडवणं ही माझी कामं. नर्सिंगला जायची तिची इच्छा नव्हती. तिला शेतकी शिकायची होती. त्या दिवशी ती समोर बसून काहीतरी सांगत होती आणि मी तिचा फॉर्म भरत होतो. माझं भरून झालं तेव्हा तिचं सांगणं अर्ध्यावर होतं. "झालं," मी म्हटलं, "आता काही बोलायचं राहिलं नाही." ती खरंच बोलायची थांबली.

होस्टेलवर गेल्यावर फोन यायचा, तो असा.

"जेवली का?"

"हो."

"अभ्यास?"

"करून राह्यली. आईले द्या."

मी फोन आईला द्यायचो आणि बाहेर जाऊन उभा राहायचो. आत दोघी अर्धा-अर्धा तास हसायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण करणार काय?

दिवाळीच्या सुट्टीत तिनं तो खेळ माझ्या फोनमध्ये टाकला आणि दोन सामने माझ्याशी खेळून परत गेली. आठवड्यानं संध्याकाळी फोन वाजला. खेळातून बोलावणं आलं होतं. एकीकडे खेळायचं आणि त्याच वेळी एकमेकांशी बोलायचं, अशी त्यात सोय होती. मी घाईघाईनं होकाराचं बटण दाबलं.

ती गोलंदाजी करता करता बोलायला लागली. होस्टेलच्या भाजीत मीठच नसतं, खोलीतली एक मुलगी झोपेत तेलुगूत भांडते, एका म्हाताऱ्या पेशंटनं तिला दोन संत्री दिली. फोनवर 'हो'च्या पुढे न जाणारी मुलगी इथं धबधब्यासारखी बोलत होती. दोघांचं लक्ष चेंडूवर, त्यामुळे तिला मोकळं वाटत असावं. मीही ऐकत होतो. तेवढ्यात माझा तिसरा गडी बाद झाला.

पाच षटकांचा सामना, तीन गडी गेले की डाव खलास. मी आठ चेंडूंत गारद झालो होतो. तिनं दोन चेंडूंत माझ्या धावा ओलांडल्या आणि म्हणाली, "चला बाबा, ठेवते." संत्र्यांची गोष्ट अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सात चेंडू. तिसऱ्या दिवशी पाच. मी जितका वेळ टिकणार तितका वेळ ती बोलणार, हा हिशेब मला कळला आणि मी पुरता बेचैन झालो. मला फलंदाजी सुधारायची होती, तीही आजच्या आज. मी दुपारी सराव करायचो, जेवताना करायचो, लसीकरणाच्या गावी जाताना जीपमध्ये करायचो. घरात बोलण्यापुरती रेंज येते, खेळाला ती पुरत नाही. दवाखान्यामागे जनावरं अडकवायचा लोखंडी खोडा आहे, त्याच्या आडव्या दांडीवर बसलं की तेलंगणाकडच्या टॉवरची रेंज पकडते. बैलांची जागा मी बळकावली होती. तरी स्क्रीनवर 'अर्ली', 'अर्ली', 'अर्ली'. पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या दवाखान्यात एक म्हातारे परिचर आहेत. मी त्यांना भाऊ म्हणतो. दहा-बारा दिवस त्यांनी माझं हे ध्यान बघितलं, मग एका संध्याकाळी जवळ येऊन उभे राहिले.

"डॉक्टर, हे काय करून राह्यले?"

"चेंडू मारून राह्यलो, भाऊ. लागत नाई."

त्यांनी आणखी दोन-चार चेंडू बघितले. "बैलाले सुई देता तवा तं तुमी मोठे सबुरीनं देता. पुठ्ठ्यावर थोपटता, अजून थोपटता, तो अंग ढिल्लं सोडते, मंग सुई देता. ह्या चेंडूनं तुमचं काय घोडं मारलं? त्याच्यावर काऊन झडप घालता?"

खरं सांगायचं तर मला रागच आला. त्यांनी आयुष्यात हातात बॅट धरली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी गोठ्यात एका बिथरलेल्या गोऱ्ह्याला सुई देताना माझंच माझ्याकडे लक्ष गेलं. एक थाप, दुसरी थाप, तिसरी थाप, मग सुई. जनावरापुढे मी घाई करत नाही, कारण घाई केली की लाथ बसते. माणसं लाथ मारत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे मी असा वागतो की काय, असं वाटलं आणि मी तो विचार तिथंच झटकून टाकला.

संध्याकाळी खोड्यावर बसून मी उजव्या अंगठ्यानं खेळू लागलो आणि डाव्या हातानं मांडीवर थाप देऊ लागलो. गोलंदाजाचं पाऊल पडलं, एक. चेंडू हातातून सुटला, दोन. टप्पा पडला, तीन. मग अंगठा. पहिल्याच चेंडूला हिरव्या अक्षरांत 'परफेक्ट' आलं. मी एवढ्या जोरात ओरडलो की पलीकडे बांधलेली शेळी दावं तोडून पळाली. तिला धरायला भाऊंना अर्धं गाव पालथं घालावं लागलं.

त्यानंतर मी पंधरा चेंडू टिकू लागलो, मग वीस. मुलगीही चकित झाली. "कोणी शिकवलं, बाबा?" मी सांगितलं, बैलानं. ती खूप हसली. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती, ते मला आठवेना.

पण हावरटपणा सुटतो थोडाच? एकट्यानं सराव करताना माझ्या पन्नास धावा व्हायच्या, तिच्याशी खेळताना वीस-पंचवीसच. चेंडू मध्येच अडकायचा आणि एकदम पायाशी येऊन पडायचा. चार दिवस डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. आमची रेंज आधीच मरतुकडी, त्यात बोलण्याचा आवाज चालू असला की तो ती सगळी खाऊन टाकतो. आवाजाचं बटण बंद केलं की चेंडू लोण्यासारखा येतो. मी ठरवलं, एकच सामना आवाज बंद करून खेळायचा. पन्नास काढायच्या, तिला दाखवायच्या, मग पुन्हा चालू. दहा मिनिटांचा तर प्रश्न होता.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. सामना सुरू होताना ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही फक्त खेळा. मी बोलते. मधात बोलू नका."

"नाई बोलत," मी म्हटलं, आणि बटण बंद केलं.

तो डाव मी जन्मात विसरणार नाही. चेंडू येत होता, मी थाप मोजत होतो, अंगठा बरोबर वेळेला पडत होता. तिसऱ्या षटकात सलग तीन चौकार. चौथ्यात षटकार. पाचव्यात ती इतकी वाईट गोलंदाजी करायला लागली की सगळे चेंडू पायावर पडत होते आणि मला वाटलं, घाबरली पोरगी. तीस चेंडूंत चोपन्न, एकही गडी न गमावता. तिची फलंदाजी यायच्या आत ती खेळातून निघून गेली. मी बटण चालू केलं तोवर उशीर झाला होता. मग तिचा निरोप आला: "बाबा, तुम्ही मधात एक शब्द बोलले नाई. खूप बरं वाटलं."

मी तो बायकोला वाचून दाखवला. माझ्या बॅटिंगचं कौतुकच वाटलं मला ते.

दोन दिवस ती खेळायला आली नाही. तिसऱ्या दिवशी सरळ फोन आला, तोही माझ्याशी बोलायला.

"बाबा, मंग काय करू? परत जाऊ का नको?"

कुठं परत जायचं? कशातून? मला काहीच माहीत नव्हतं. 'काय गं, कशाबद्दल?' एवढं विचारायला हवं होतं. पण तिच्या आवाजात असा विश्वास होता की मला ते विचारण्याची हिंमत झाली नाही. मी नेहमीसारखं पटकन उत्तर देऊन टाकलं.

"तुला वाटेल तसं कर, माय."

पलीकडे ती रडायला लागली. "तुम्ही असं म्हणाल, असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते रडणं सुखाचं की दुःखाचं, हेही मला कळेना. बायकोला आडून आडून विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते मुलीनं फक्त मला सांगितलं होतं, आणि फक्त मलाच ते माहीत नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत मी एका गाईचं औषध दुसऱ्या गाईच्या मालकाच्या हातात ठेवलं. भाऊंनी ते मागे धावत जाऊन परत आणलं. रात्रभर मी कूस बदलत होतो. प्रेम, परीक्षा, फी, आजारपण, जे जे वाईट सुचेल ते सुचत होतं. तिसऱ्या सकाळी पहिल्या एसटीनं मी चंद्रपूरला निघालो. गडचांदूरला गाडी वीस मिनिटं थांबली, तेवढ्या वेळात मी ड्रायव्हरला दोनदा विचारलं, कवा सोडता.

होस्टेलच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर आम्ही बसलो. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण मला बघून तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "तुम्ही येसान असं मले वाटलंच होतं."

गप्प बसावं, असं फार वाटलं. सगळं ऐकलं असल्याचं सोंग करावं, दोन धीराचे शब्द बोलावे आणि दुपारची गाडी धरावी. हळूहळू तिच्याच बोलण्यातून कळलं असतं. पण तिचा तो चेहरा बघवेना.

"माय," मी म्हटलं, "त्या दिवशी आवाज बंद होता. चेंडू अडकतो म्हणून मीच बंद केला होता. तू काय सांगितलं ते मी ऐकलं नाई."

तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"काहीच?"

"काहीच नाई."

"म्हणजे मी एकटीच बोलून राह्यली होती?"

माझ्या तोंडाशी दहा गोष्टी आल्या. रेंज, टॉवर, तुझ्यासाठीच तर शिकत होतो, पन्नास दाखवायच्या होत्या. मी एकही बोललो नाही. ती रस्त्याकडे बघत राहिली. ऑटो गेले, कोळशाचे ट्रक गेले, टपरीवाला ग्लास उचलून घेऊन गेला. ती आता उठून जाईल, असं मला वाटत होतं. ती उठली नाही. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघताच, ती सांगू लागली.

संत्री देणारी ती म्हातारी तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. त्या वेळी वॉर्डात ती एकटीच होती. बाईनं तिचा हात धरून ठेवला होता आणि जीव गेल्यावरही तो सुटत नव्हता. एकेक बोट करून सोडवावा लागला. तेव्हापासून तिचा पाय वॉर्डात पडत नव्हता. तीन आठवडे ती ड्युटीच्या वेळी बसस्टँडवर जाऊन बसत होती आणि संध्याकाळी होस्टेलवर येऊन माझ्याशी क्रिकेट खेळत होती. परत वॉर्डात जाऊ की सगळं सोडून घरी येऊ, हे तिला विचारायचं होतं.

मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात जुळवतही होतो. म्हातारीनं हात धरला, तेव्हा कदाचित माझं दुसरं षटक असेल. बोटं सोडवली, तेव्हा ते तीन चौकार. शेवटचं षटक तिनं रडत टाकलं होतं, हे मला तिथं बाकावर बसून कळलं.

सांगून झाल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"किती काढले होते त्या दिवशी?"

"चोपन्न," मी म्हणालो. आयुष्यात मला कशाची एवढी लाज वाटली नव्हती.