दोन पावसाळ्यांचा ड्रायव्हर

त्या काळी आमच्या भागात मालमोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, पण मालकांचा तोरा काय विचारता! सगळ्यांची अट एकच: दोन पावसाळे काढलेला ड्रायव्हर पाहिजे. काळ्या मातीच्या चिखलात, नदीच्या उतारावर भरलेली मोटार ज्यानं सांभाळली तोच खरा, असं ते म्हणायचे. माझा पावसाळा झाला होता एकच, आणि दुसरा अजून पंधरा दिवसांवर होता.

मी अवसरीचा, बैलांमागं वाढलेला. जुन्नरच्या एका उस्तादांच्या हाताखाली चार वर्षं क्लीनर होतो. मोटार धुवायची, पाणी भरायचं आणि पुढं उभं राहून हँडल मारून इंजिन चालू करायचं, हे माझं काम. उस्ताद हँडलला कधी हात लावत नसत. ड्रायव्हरनं हँडल मारलं तर क्लीनरची लाज जाते, अशी तेव्हाची रीत होती.

शेवटच्या वर्षी त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. पहिल्याच दिवशी समोर म्हैस आली. मी ब्रेक विसरलो आणि कासरा ओढावा तसं स्टिअरिंग छातीशी ओढत "हो, हो" म्हणून ओरडलो. म्हैस शहाणी, ती बाजूला झाली. आम्ही बांधाला जाऊन टेकलो. उस्ताद इतके हसले की त्यांची टोपी खाली पडली.

पुढं त्यांना मोतीबिंदू झाला, मालकानं मोटार विकली आणि आम्ही दोघेही घरी बसलो. मला दुसरं काही करायचंच नव्हतं. मंचरच्या मालकानं मला ओट्यावरूनच परतवून लावलं. नारायणगावचा म्हणाला, "दिवाळीनंतर ये." जुन्नरचाच दुसरा एक मालक तेवढा बरा निघाला. "तुझ्या उस्तादानं दोन पावसाळे म्हटलं, तर आजच मोटार घे," म्हणाला. सरकारी लायसन माझ्या खिशात होतं, पण उस्तादाच्या शब्दापुढं त्याला कोण विचारतो!

मी धावत उस्तादांच्या घरी गेलो आणि मालकाचं बोलणं सांगितलं. "तुमी फकस्त दोन म्हणा, उस्ताद."

"झालाय एक. दोन कसं म्हनू?"

माझं डोकं फिरलं. "चार वर्सं तुमची मोटार धुतली, ती यासाठीच व्हय?" असं बोलून, पुढं आलेला चहा तसाच ठेवून मी निघालो. त्या चहाची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हातापाया पडायला मालकाकडं गेलो, तर उस्ताद माझ्या आधीच तिथं उभे. एका हातात काठी, डोक्यावर धुतलेली टोपी.

"पोराचा एकच पावसाळा झालाय, शेठ," ते सांगत होते. "दुसरा मी त्याच्या शेजारी बसून काढतो. चिखल मला आवाजावरनं कळतो."

मालक चमकला. "उस्ताद, तुमी क्लीनरच्या जागेवर बसनार?"

"मग? लई दिवस झालं मोटारीत बसून."

मालकानं मोटारीकडं बोट केलं. मी स्टिअरिंगपाशी चढलो आणि सवयीनं हँडल मारायला लगेच खाली उतरू लागलो. उस्तादांनी माझ्या छातीवर हात ठेवला.

"ड्रायव्हर उतरत न्हाई. बस."

काठी आत टाकून, बॉनेट चाचपडत ते पुढं गेले. त्यांनी हँडल शोधलं, हँडल उलटं फिरलं तर मोडू नये म्हणून, मला शिकवलं होतं तसाच अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि झटका दिला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. मला समोरचं काही दिसेना. गियरवर हात ठेवून मी तसाच बसून राहिलो.

उस्ताद धापा टाकत शेजारी येऊन बसले. माझं नाक ओढणं त्यांना ऐकू आलं असावं.

"डोळं पूस," ते म्हणाले. "दोघांतल्या एकाला तरी दिसाया पायजे, राव."