आतोबांचं टपाली फ्रेंच

फ्रेंच भाषा एकदाही कानाने न ऐकता ती तीन वर्षं मनोभावे शिकलेला माणूस उभ्या पालघर तालुक्यात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आतोबा बोईसर स्टेशनाजवळच्या एका गवताच्या वखारीत मेहताजी होते. डोंगराकडून गाड्या भरून येणारं गवत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि त्या मुंबईच्या तबेल्यांना रवाना करायच्या, हा वखारीचा धंदा. त्यात फ्रेंचचा संबंध कुठे येत नाही, हे मान्य. पण पंचावन्न उलटल्यावर त्यांनी दूरच्या एका विद्यापीठाचा टपालाने फ्रेंच शिकवणारा अभ्यासक्रम घेतला आणि पहिली परीक्षा पास होऊन ते मधल्या इयत्तेत गेले. तारापूरच्या वीजघराचं बांधकाम तेव्हा चालू होतं. मी कराडहून तिथे नकाशे काढायच्या नोकरीवर आलो आणि आत्याकडेच राहू लागलो. फ्रेंच कशासाठी, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "मेंदूला गंज चढू नये म्हणून," आतोबा गंभीरपणे म्हणाले. ते सगळंच गंभीरपणे करत. दाढी करतानासुद्धा एखाद्या दस्तऐवजावर सही करत असल्यासारखा त्यांचा चेहरा असे.

महिन्यातून एकदा विद्यापीठाचा तपकिरी लखोटा येई. तो पोस्टमनकडून घेतल्यावर आतोबा आधी आंघोळ करत, मग टोपी घालून ओटीवर बसत आणि सुपारीच्या अडकित्त्याने लखोटा उघडत. धड्यातले शब्द कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून ते वखारीत न्यायचे आणि गाठी मोजता मोजता घोकायचे. उच्चार अर्थातच स्वतःच्या अंदाजाने. वर्षभरात वखारीतले गाठी बांधणारे लोकही दहापर्यंत फ्रेंच आकडे म्हणू लागले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, की हे काय चाललंय तुम्हाला कळतं का? तो म्हणाला, "आमाला समजत काय नाय, पण मेहताजी खुशीत हाय ना, मग बरं हाय." एकदा वीजघरावरच्या एका गोऱ्या इंजिनियरची जीप नाक्यावर थांबलेली दिसली. आतोबांनी टोपी सारखी करून त्याच्यासमोर आठवड्याभराचा धडा म्हटला. तो बिचारा अमेरिकन. या सद्गृहस्थांना कुठेतरी जायचं असावं, असं समजून त्याने त्यांना आदराने जीपमध्ये बसवलं आणि थेट चिंचणीला नेऊन सोडलं. आतोबा संध्याकाळी एस.टी.ने परत आले आणि समुद्राची हवा खायला गेलो होतो, असं त्यांनी जाहीर केलं.

आतोबांची खरी ओळख इथेच होती. त्यांच्या हातून चूक होत नसे. म्हणजे होत असे, पण ती चूक नसे. पालघरहून येताना एकदा डोळा लागून ते वाणगावला पोचले, तर तिथलं गवत बघायचंच होतं म्हणाले, आणि खरोखर दिवसभर गवत बघत फिरले. आमटीत मीठ दोनदा पडलं, तर दोष बरणीचा. आत्याने पस्तीस वर्षांच्या संसारात "माझं चुकलं" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. अशा माणसाचे निबंध लाल शाईने माखून परत यायचे. पण त्या लाल शाईपुढे ते एक अक्षर काढत नसत. दुरुस्त केलेलं प्रत्येक वाक्य पाच पाच वेळा लिहून काढत. मला याचं फार नवल वाटे.

गंजाची गोष्ट खोटी होती, हे मला आत्याने सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी कुसुमताई. तिने मॉरिशसच्या एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा मूळचा मराठी घराण्यातला, पण चार पिढ्या तिकडेच गेलेल्या. आतोबांनी हे लग्न मानलं नाही. बोट सुटायच्या दिवशी आत्या एकटीच मुंबईला बंदरावर गेली आणि आतोबा वखारीत गाठी मोजत राहिले. पुढे कुसुमताईची पत्रं यायची ती फक्त आईला. एका पत्रात तिने लिहिलं, की माझ्या मुलीला, मीराला, मराठी येत नाही, घरात सगळे तिकडची बोली बोलतात आणि शाळेत फ्रेंच. आत्याने ते पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा आतोबा पेपर वाचत होते, त्यांनी मानही वर केली नाही. पंधरा दिवसांनी विद्यापीठाचा पहिला लखोटा आला.

मधल्या इयत्तेची तोंडी परीक्षा मुंबईला होती. परीक्षक बाईंनी काहीतरी विचारलं आणि आतोबांना एक शब्द कळला नाही. त्यांनी अदबीने कागद पुढे केला आणि प्रश्न लिहून द्यायची विनंती केली. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळालेला हा विद्यार्थी तोंडी परीक्षेत नापास झाला. बाई फार भरभर बोलतात, असं त्यांनी घरी सांगितलं. पण त्यानंतर वखारीत फ्रेंच आकडे ऐकू येईनात. कुसुमताई मुलीला घेऊन येणार असल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. इतकी वर्षं घोकून आपल्याला नातीचा शब्द कळणार नाही, ही धास्ती त्यांनी घेतली होती. मला त्यांची फार दया आली.

झालंही तसंच. मीरा आठ वर्षांची, दोन वेण्यांची. ती बोलायला लागली की आतोबा कान देऊन ऐकत आणि हळूच खिडकीबाहेर बघत. त्यांनी एक वाक्य म्हटलं, तेव्हा ती गोंधळून आईमागे लपली. आत्याला फ्रेंचचा गंधही नाही, पण तिने दोन दिवसांत नातीला न्हाऊ घातलं, गूळपोळी भरवली, मांडीवर झोपवलं. कुसुमताई बापाशी कामापुरतंच बोलायची. आतोबा ओटीवर चिठोरे चाळत एकटेच बसून राहायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाठाचा एक कोरा कागद घेतला, विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे अर्धा समास सोडला आणि एक प्रश्न लिहून मीरापुढे ठेवला. पोरीने वाचला. मग ती खुदकन हसली, पेन्सिल मागून घेतली, आधी प्रश्नातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि खाली उत्तर लिहिलं. त्या दिवसापासून ओटीवर आजोबा-नातीचा पत्रव्यवहार सुरू झाला. दोघं हातभर अंतरावर बसून तासन्‌ तास एकमेकांना पत्रं लिहीत. गवत कोण खातं, दांडीच्या कोळीवाड्यातल्या होड्यांना रंग कोण देतं, आजोबांचे दात खरे आहेत का, असे प्रश्न असत. प्रत्येक कागद मीरा आत नेऊन आईला दाखवी, आणि हे आतोबांना ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या रविवारी मीराने लिहिलेल्या प्रश्नापाशी आतोबा अडले. नेहमी चार ओळी सहज लिहिणारा माणूस पेन धरून नुसता बसून राहिला. शेवटी एकच ओळ लिहून त्यांनी कागद तिच्याकडे दिला. मीराने त्यावर पेन्सिल फिरवली, पण दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. ती कागद घेऊन स्वयंपाकघरात पळाली. मी तिथे चहा घेत होतो. कुसुमताईने तो वाचला आणि ती पाटावर बसली. आत्याने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिने मराठीत सांगितलं. मुलीने विचारलं होतं, आई बोटीवर चढली तेव्हा तुम्ही का आला नाही? आणि खाली आतोबांनी लिहिलं होतं, "मी यायला हवं होतं. चूक माझी होती." आत्याने चुलीवरची आमटी तशीच उतू जाऊ दिली. कुसुमताई डोळे पुसून बाहेर गेली आणि बापाशेजारी जाऊन बसली.

या वेळी आतोबा बंदरावर गेले. मीही बरोबर होतो. बोट दिसेनाशी झाली तरी ते कठड्याशी उभे होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आतोबा, ताईला हे मराठीतच सांगितलं असतं तर? इतकी वर्षं फुकट गेली नसती."

आतोबांनी टोपी काढली, पुसली आणि पुन्हा घातली.

"मराठीत जमलं असतं," ते म्हणाले, "तर या वयात फ्रेंच कशाला शिकलो असतो?"