पाहुणे गेल्यावर

"ताई, अण्णा गेले..." मामेभाऊ प्रसादचा फोन आला, तेव्हा मी नुकती जेवून उठले होते. अण्णामामा गेला होता पहाटे. त्यांच्या घरात पुण्याचे पाहुणे उतरले होते. त्यांचा नाश्ता होऊन गाडी निघेपर्यंत प्रसादने मामाच्या मागच्या खोलीचं दार लावून ठेवलं होतं. "त्यांची सुट्टी कशाला खराब करायची?" तो म्हणाला.

मामाचं घर रत्नागिरीत, किल्ल्यावरच्या वस्तीत. शहरातून रिक्षाने जवळच, पण पोचलं की थेट गावच. चिऱ्यांचे गडगे, अंगणात वाळत घातलेले बांगडे, आणि वाटेत कुणीतरी "काय गो, मामाकडे काय?" असं विचारणारच. मामा बंदरावर कारकून होता. येणाऱ्याजाणाऱ्याला पडवीतून हाक मारल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. आम्ही भाचरं गेलो की तटावर नेऊन, गलबतं कुठे लागायची ते घसा बसेपर्यंत सांगायचा.

प्रसादने घराचं होमस्टे केलं तेव्हा सगळ्यांत खूश मामाच. रोज नवी माणसं बोलायला! पहिल्या पाहुण्यांना त्याने हौसेने किल्ला दाखवला. मग कुणीतरी तक्रार केली, आजोबा फार बोलतात, सारखे खोकतात. त्यानंतर सुनेने, स्नेहाने, त्याला बजावलं... पाहुणे असतील तोवर पुढे यायचं नाही.

गेल्या मे महिन्यात मी गेले होते. मामा मागे विहिरीपाशी बसला होता. एक पाहुणी पाणी मागायला आली. "हे कोण?" तिने विचारलं. "आमचे राखणदार," स्नेहा पटकन म्हणाली. मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. उठला, कळशी उचलली आणि म्हणाला, "आणतो हां, बाईसाहेब." नंतर मी स्नेहाला बोलायला निघाले, तर त्यानेच माझा हात धरला. "राहू दे गो. तू जाशील उद्या. मला हयच ऱ्हायचंय."

परवा मासिक श्राद्धाला गेले. पडवीत मामाचा भलामोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. प्रसाद पाहुण्यांना सांगत होता, "आमचे अण्णा. प्रत्येक पाहुण्याला स्वतः किल्ला दाखवायचे." एका बाईंनी फोटोला हात जोडले. "किती छान ठेवलंय हो तुम्ही त्यांना!"

मी पायरी चढणार, एवढ्यात स्नेहा आली. "ताई, मागच्या दाराने या ना," ती हळूच म्हणाली, "पुढे पाहुणे आहेत."

मागच्या खोलीत मामाची खाट होती. तिच्यावर पाहुण्यांच्या इस्त्री केलेल्या चादरींचा ढीग... बसायला जागा नव्हती.