चकाचक धुतलेले दगड

सांगते, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. अंगावर सांडला तर मला बोलू नका. आणि हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण त्या दिवशी मी पार रडकुंडीला आले होते.

धायरीत एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमच्या मॅडमची लॅब आहे. मी तिथं झाडलोट करते, चहा करते आणि दगड धुते. हो, दगड! सासूबाई कुणालाही सांगतात, सून दगड धुवायला जाते म्हणून, आणि लोक त्यांच्याकडं दयेनं बघतात.

त्याचं असं आहे. तेलाची विहीर पाडताना खोलातून दगडाची बारीक खडी वर येते. ती पिशव्यांतून आमच्याकडं येते. दगड तयार होताना त्याच्या पोटात पाण्याचे, तेलाचे इवलेसे थेंब अडकून राहतात, काचेच्या बांगडीत बुडबुडा असतो ना, तसे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मॅडम अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावून मायक्रोस्कोपमधून बघतात. थेंब तेलाचा असेल तर चमकतो. म्हणजे कधीकाळी तिथून तेल गेलेलं. सातवी शिकलेल्या बाईला एवढं कळलं म्हणजे पुष्कळ झालं, असं मला वाटायचं.

ही नोकरी म्हणजे माझा जीव. आधी मी खराडीला ऑफिसं पुसायला जायचे, दोन बस बदलून. एकदा बस अडकली आणि माझी ओवी, पहिलीतलं लेकरू, शाळेच्या गेटवर वॉचमनकाकांच्या स्टुलावर दीड तास बसून होती. रडलीसुद्धा नाही. तेच मला जास्त लागलं. ही लॅब शाळेपासून पाच मिनिटांवर. साडेबाराला तिला आणून कोपऱ्यात बसवते, मॅडम काही म्हणत नाहीत. अशी नोकरी पुन्हा मिळते का?

तर त्या शुक्रवारी तेलकंपनीचे साहेब स्वतः येणार होते. आणि खडी बघते तर काय, काळ्या चिखलानं बरबटलेली. साध्या पाण्यानं तीनदा धुतली, पण डाग हटेना. पाहुण्यांपुढं हे ठेवायचं? आपण पाहुण्याला ओशट कपात चहा तरी देतो का? पर्समध्ये ओवीच्या शनिवारच्या पांढऱ्या गणवेशासाठी आणलेली पावडर होती, कपडे लख्ख करणारी. दोन चमचे टाकले. मग आणखी दोन. मग म्हटलं, उरवायची कशाला, आणि सगळीच ओतली! दगड असे निघाले की देव्हाऱ्यात मांडावेत.

दुपारी अंधाऱ्या खोलीत साहेब, मॅडम आणि दारात चहाचा ट्रे घेऊन मी. दिवा लागला आणि खडीची ताटली अशी उजळली, जशी दिवाळीच. साहेब खुर्चीतून उठलेच. ही खडी जिथली, त्या जागेचं कधीपासून ठरत नव्हतं म्हणे. तिथूनच कुणाला तरी फोन लावून सांगितलं, पुढची विहीर तिथंच घेऊ, यंत्रं हलवा.

मला तर भरून आलं. नीट धुतलं की तेलसुद्धा दिसतं, बघा!

मॅडम मात्र मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "साहेब, जरा थांबा. चमक आतल्या थेंबांत नाहीये. कडांना आहे, फटींत आहे." आणि मान न वळवता, "वैशाली, खडी कशानं धुतलीस?"

डोळ्यांपुढं ते गेट, तो स्टूल, ओवीचं दप्तर. खरं बोलावं तर नोकरी जाणार. खोटं बोलावं तर साहेब भलत्याच ठिकाणी विहीर पाडणार. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा हं.

मी म्हटलं, "पाण्यानं, मॅडम. नुसत्या पाण्यानं." आणि ट्रे ठेवायला पुढं झाले. नेमकी त्या दिव्याखाली.

माझी दहाच्या दहा नखं निळी चमकायला लागली. सकाळी ओढणीच्या ज्या टोकाला हात पुसले होते, ते तर ट्यूबलाइटसारखं पेटलं. साहेब माझ्या हातांकडं बघताहेत, मॅडम बघताहेत, मीही बघतेय.

"अरे वा," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तेल वैशालीतही लागलं. बोला साहेब, हिच्यात कुठं पाडायची विहीर?"

मी ट्रे तसाच टेकवला आणि सगळं ओकले. पावडर, गणवेश, तो स्टूलसुद्धा. कपडे लख्ख करणारी पावडर त्या जांभळ्या दिव्यात चमकतेच, हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी पुन्हा फोन लावला, यंत्रं आहेत तिथंच राहू द्या म्हणाले. मॅडमनी कपाटातून राखून ठेवलेली निम्मी खडी काढली.

"ही माझ्यासमोर धू. आणि पुन्हा काही चुकलं तर आधी येऊन सांग. खोटं मला दिव्याशिवायही दिसतं."

धुतली. एकही थेंब चमकला नाही. साहेब चहा न घेता गेले. नोकरी मात्र राहिली, आणि बेसिनवर मॅडमच्या अक्षरात पाटी लागली: 'येथे दगड धुतले जातात. कपडे आपापल्या घरी धुवावेत.'

घरी! घरी पावडर होती कुठं? शनिवारी ओवी पिवळट गणवेशात शाळेत गेली आणि डायरीत बाईंचा शेरा घेऊन आली: 'पालकांनी स्वच्छ धुण्याची सवय लावून घ्यावी.'

मी सही केली. सहीखाली लिहू तरी काय, आमचे दगड बघून जा म्हणून?