शपथेच्या रांगेतून बाजूला

आमचे मिस्टर, धर्मराज, मूळचे नागपूरचे. गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत, पार्सिपनीला. औषधं तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. तसा गरीब माणूस, पण संविधानाचा विषय निघाला की आवरत नाहीत. कुणाचा गृहप्रवेश असो की बाळाचं नामकरण, बुद्धवंदना झाली की हे उद्देशिका वाचायला उभे. तोवर जेवणाचे ट्रे गारढोण होतात आणि बोलणी मी खाते.

दर शनिवारी लायब्ररीत सिटिझनशिपचा फुकट क्लास घेतात. मुलांकडे राहायला आलेल्या काकू-मावश्यांकडून परीक्षेचे प्रश्न घोटून घेतात. आजवर एकही मावशी नापास नाही, ह्याची मिजास विचारू नका. गंमत म्हणजे त्यांची स्वतःचीच नागरिकत्वाची शपथ राहिली होती. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमची उमर गेली. शेवटी एकदाची आम्हा दोघांनाही तारीख मिळाली, अठ्ठावीस जानेवारी. यांचे आजोबा बावन्न साली धुतलेलं धोतर नेसून पहिलं मत द्यायला गेले, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. बावीस वर्षांत यांनी स्वतः कुठंच मत दिलं नव्हतं. "नोव्हेंबरात मी पण जाणार, अपर्णा, कडक इस्त्री करून," म्हणायचे.

त्या आनंदात आमची लेक पायल आम्हाला हवाईला घेऊन गेली. सतरा जानेवारीला होनोलुलूत राजवाडा बघायला गेलो, तर अंगणात ही गर्दी. ढोल, फुलांच्या माळा, म्हाताऱ्या बाया, कडेवर पोरं. यांना वाटलं, आपल्याकडे चौदा एप्रिलला असतं तसंच काहीतरी. बहुतेकांच्या अंगावर काळे कपडे होते, तेवढं मात्र दिसलं नाही.

आता यांची एक खोड. कुठल्याही गावातलं कोर्ट किंवा सरकारी इमारत दिसली की अमेरिकन संविधानाचं खिशातलं पुस्तक छातीशी धरून फोटो काढायचा. तसे पायऱ्यांसमोर उभे राहिले आणि शेजारच्या एका आजींना हसून म्हणाले, "हॅपी ॲनिव्हर्सरी."

पायल पुटपुटली, "बाबा, प्लीज, नो." तोवर उशीर झाला होता.

आजी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या यांच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाल्या, "आजच्या दिवशी आमच्या राणीला गादीवरून उतरवलं. अठराशे त्र्याण्णव साली."

"कोणी?" यांनी विचारलं.

"इथल्या बड्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी. त्यांच्या पाठीशी तुमच्या अमेरिकेच्या जहाजावरचे शिपाई बंदुका घेऊन उतरले होते."

"पण हवाई तर आपणहून सामील झालं ना? मी क्लासमध्ये तसंच शिकवतो."

आजी म्हणाल्या, "नको म्हणून एकवीस हजारांवर लोकांनी सह्या केल्या होत्या. माझ्या पणजीची सही आहे त्यात. तरी अमेरिकेने हवाई घेतलंच. आणि हे पुस्तक धरलंय म्हणून सांगते. राणीला नवं संविधान आणायचं होतं, एवढाच तिचा गुन्हा. जुनं होतं त्यावर तिच्याआधी राजा असलेल्या भावाकडून बंदुकीच्या धाकाने सही करून घेतलेली. त्याने आमच्या कितीतरी लोकांचं मत गेलं. आशियातून आलेल्यांचं तर सरसकट गेलं."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "संविधानाने मत काढून घेतलं?" त्यांनी विचारलं. मग परत तेच विचारलं. संविधानाच्या पुस्तकाने माणसाला माणूस केलं, हे घरात ऐकत हा मनुष्य वाढला. तसल्याच पुस्तकाने कुणाला उठवून बाहेर काढता येतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. मलाही धक्का बसला होता, खोटं कशाला बोलू. पण मी त्यांच्याकडे बघत होते. पुस्तक त्यांनी खिशात ठेवलं नाही, तसंच हातात लोंबत राहिलं.

निघताना त्यांनी आजींना सांगून टाकलं, "अठ्ठावीसला माझी शपथ आहे."

"तुम्हाला विचारतायत, हे चांगलं आहे," आजी म्हणाल्या. "आम्हाला कोणी विचारलंच नाही."

घरी आल्यावर हे नीट जेवेनात. शनिवारी क्लासमध्ये काकू-मावश्यांसमोर कबूल केलं, "मी चुकीचं शिकवलं." एरवी घरी माझ्यासमोर मीठ जास्त पडलं एवढंही कबूल करत नाहीत. मी वैतागले. म्हटलं, "सव्वाशे वर्षांपूर्वीचं ते. तुम्ही केलंत का? बावीस वर्षं थांबलोय, आता खुळ्यासारखं करू नका." ते हो म्हणाले. शर्टाला इस्त्रीही केली.

अठ्ठावीसला हॉलच्या दारात रांग होती. टेबलावर ग्रीन कार्ड जमा करायचं आणि आत जाऊन बसायचं. मी माझं दिलं. मागे वळले तर हे कार्ड हातात धरून टेबलावरच्या मुलीला विचारत होते, "मला दुसरी तारीख मिळेल का?"

तिने शांतपणे कागद पुढे केला. कारण लिहून द्या म्हणाली. यांनी लिहिलं, "मला उत्तर द्यायला वेळ हवा आहे." आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांत जाऊन बसले.

आत एकेका देशाचं नाव घेऊन उभं करत होते. इंडिया म्हटल्यावर मी उठले. शेजारची खुर्ची रिकामी. रागाने मला रडू येत होतं. तशीच उजवा हात वर करून शपथ घेतली, एकही शब्द न चुकता. यांनीच पाठ करून घेतली होती.

पार्किंगमध्ये मी गाडीचं दार दाणकन लावलं. यांनी विचारलं, "काय वाटलं गं, म्हणताना?"

भांडायची पूर्ण तयारी होती माझी. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "पाठ होतं ते म्हणून टाकलं."