तासायचा दगड

तावेत्ती नूतिनेनला बोलतं करायचं तर युका गावात एकच उपाय होता : दगडी चुलीचा विषय काढायचा. निम्म्या गावाच्या चुली त्यानेच बांधलेल्या. एरवी तो तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसे.

त्याची लेक साइमी मात्र त्याला गप्प बसू देत नसे.

"बाबा, ह्या दगडाला वुओलुकिवी का म्हणतात?"

तावेत्तीने कमरेची सुरी काढली आणि चुलीसाठी आणलेल्या करड्या दगडावरून सरळ ओढली. भुकटी तिच्या मांडीवर सांडली.

"वुओल्ला म्हणजे सुरीनं तासणं. किवी म्हणजे दगड. तासता येतो म्हणून वुओलुकिवी. आपल्या आजा-पणजांनी ठेवलंय नाव, त्यांना काही डोकं खाजवावं लागलं नसेल."

"त्याला दुखतं?"

"दगडाला कसलं दुखतंय, वेडाबाई!"

"तुझ्या बापापेक्षा मऊ आहे गं तो," त्याची बायको मार्ता म्हणाली.

त्याच तुकड्याचा त्याने साइमीसाठी पायदगड केला. तिच्या टाचा बसतील एवढे दोन खळगे तासले. मार्ता रोज तो चुलीत तापवायची आणि लोकरीत गुंडाळून लेकीच्या पायाशी ठेवायची. सकाळी पोरगी ओरडायची, "अजून गरम आहे!" बापाला कौतुक दगडाचंही आणि लेकीचंही.

जानेवारीत गावात घटसर्प शिरला. साइमीला आठवडाभरही झुंजता आलं नाही. माती इतकी गोठलेली, की खड्डा खणण्याआधी तिथे जाळ करावा लागला.

शवपेटीचं झाकण ठोकायला तावेत्ती हातोडा घेऊन आला, तर मार्ता चुलीतून पायदगड काढत होती.

"अगं, आता कशाला?" तिची बहीण हिल्का म्हणाली.

"बाहेर थंडी बघितलीस?" मार्ताने दगड गुंडाळून साइमीच्या पायाशी ठेवला. मग नवऱ्याकडे वळली. "किती वेळ राहील रे गरम?"

हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्या गोठलेल्या मातीत दगड दुपारपर्यंतसुद्धा गरम राहणार नव्हता. आपल्या कामाबद्दल तावेत्ती जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला.

"सकाळपर्यंत."

मार्ताने मान हलवली. झाकणाला हात लावला आणि तिथेच थांबली.

"आणि उद्या?"

तावेत्तीने हातोडा खाली ठेवला. झाकण शेवटी हिल्काने ठोकलं.