राजोडीचा तो एक बॉल

संध्याकाळी एव्हरशाईन कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये मी मोबाइलवर इंग्लंडमधला काउंटी सामना लावून बसतो. रिकामं मैदान, तुरळक टाळ्या. माझ्या घरासारखंच सगळं. आज फिरकीसमोर एक फलंदाज क्रीझमध्येच अडकून राहिला आणि त्याचा त्रिफळा उडाला. मला एकदम राजोडीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूचा खारट वास आला.

आमचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. ओहोटीच्या घट्ट वाळूवर कुणीतरी रोवून ठेवलेल्या तीन काटक्या होत्या. माझ्या हातात फळी. सुलभा, माझी बायको, इथल्याच भातशेतीवाल्या घरातली. पदर खोचून तिने रबरी चेंडू उचलला. "पानी चढतंय. एकच बॉल हां," ती म्हणाली.

मी ऑफिसच्या टीमचा सलामीवीर. हसत हसत मागेच उभा राहिलो. चेंडू उंच, अगदी सावकाश आला, टप्पा पडताच वळला आणि माझ्या पायामागून काटक्या पाडून गेला.

"वाळूमुळे वळला," मी चिडून म्हणालो.

"वाळूला कशाला नावं ठेवता? पुढं यायचं ना!"

घरी पोचेपर्यंत मी फुगलेलाच होतो. ती मात्र वाटभर हसत होती.

आता तिला जाऊन वर्ष होईल. मघाशी मोबाइलवर तो त्रिफळ्याचा चेंडू पुन्हा पुन्हा दाखवत होते. समालोचक सांगत होता, या गोलंदाजाला मनगट वळवायला त्याच्या आजोबांनी शिकवलं.

सुलभाला कुणी शिकवलं होतं? वाळूवर ढकलून मी मोकळा झालो होतो. विचारलंच नाही कधी.